शरू वळून बघते तो व्हिडिओ

कसबा बावड्यातल्या दूध संस्थेत संयोगिता फॅट काढायला बसायची. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. किटल्या घेऊन माणसं ओळीनं उभी राहायची, ती प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनला लावायची आणि येईल तो आकडा मोठ्यानं सांगायची. कुणी म्हणालं, "वैनी, म्हैस तीच, वैरण तीच, मग आज फॅट कमी कसं?" तर तिचं उत्तर ठरलेलं, "म्हशीला विचारा. मशीन काय माझ्या माहेरचं न्हाई." लोक हसायचे, पण तिच्या आकड्यावर वाद घालायचे नाहीत. एकदा तिनं स्वतःच्या चुलत सासऱ्याचं दूध, त्यात पाणी आहे म्हणून, सगळ्यांसमोर परत पाठवलं होतं. गावात तिचं नाव होतं ते यामुळं.

नवरा जोतीराम साखर कारखान्यात फिटर होता. घरात सासू बाळाबाई, दोन म्हशी आणि ओढ्याकाठी थोडा ऊस. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघितल्यावर शर्वाणी झाली. सगळे तिला शरू म्हणायचे. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, माणूस दिसलं की हसणारी. जन्मल्याबरोबर बाळाच्या कानांची तपासणी करता येते, हे त्या घरात कुणाच्या कानावरही आलं नव्हतं.

शरू चालायला लागली वेळेवर. बोलायला मात्र लागली नाही. काही हवं असलं की आईचा हात धरून ओढत न्यायची आणि बोटानं दाखवायची. शेजारची तिच्याएवढी पोर चिमणी-कावळ्याची गाणी म्हणायला लागली तेव्हा संयोगिताला राहवेना. तिनं सासूला विचारलं. बाळाबाई म्हणाल्या, "जोत्या शाळंत घालस्तवर बोलत न्हवता. आता बोलतोय न्हवं? बापावर गेलीया पोरगी." कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शरूच्या घशात बॅटरी मारली आणि म्हणाले, "काही मुलं उशिरा बोलतात. थोडं थांबू."

थांबणं तिला जमेना. संध्याकाळचं दूध गेलं, मशीन धुऊन झालं की ती संस्थेच्याच बाकावर बसून फोनवर शोधायची. मूल बोलत नाही उपाय. मुलाला ऐकू येत नसेल तर काय करावे. एकामागून एक व्हिडिओ यायचे. कुणी लसूण कढवलेलं तेल कानात घाला म्हणायचं, कुणी नाकात तूप सोडा, कुणी रोज शंख वाजवा. मधूनच एखादं पान खरंखुरं वाटायचं, पण त्यातले शब्द इतके जड की दोन ओळींच्या पुढं जाता येत नसे. आणि जे कळायचं ते भीती घालणारं असायचं. ती ते पान घाईघाईनं बंद करायची.

मग तो माणूस सापडला. पांढरा कोट, मागं पुस्तकांचं कपाट, बोलणं गोड. "ताई, घाबरू नका," इथूनच तो सुरुवात करायचा. मुलांच्या कानाच्या नसा सुकतात, आमच्या थेंबांनी त्या पुन्हा ओल्या होतात, असं तो सांगायचा. शेवटी म्हणायचा, "ऑपरेशन नको, मशीन नको."

संयोगिता अडकली ती या शेवटच्या वाक्यात. कानाला मशीन लावलेली एक मुलगी तिच्या माहेरच्या गावात होती. तिला सगळे भैरी म्हणायचे, तिच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं संयोगिताला आठवत नव्हतं. लहानपणी तिनं स्वतःही तिला त्याच नावानं चिडवलं होतं. आपल्या पोरीच्या कानामागं तसलं काही दिसेल, हा विचारसुद्धा तिला नको होता. असं वाटणं बरोबर नाही हे तिला कळत होतं. म्हणून ती ते कुणाला बोलून दाखवत नव्हती.

थेंब कुरिअरनं आले. ती रोज शरूला मांडीवर घेऊन घालायची. काही दिवसांनी त्या माणसाचा फोन आला. "ताई, फरक दिसतोय का?"

"थोडा वाटतोय," ती म्हणाली. वाटत होता की नव्हता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मग एक छोटा व्हिडिओ पाठवा ना. तुम्ही मागून हाक मारताय आणि बाळ वळून बघतंय, एवढाच. तुमच्यामुळं दुसऱ्या एखाद्या आईला धीर येईल."

दुपारची वेळ होती. बाळाबाई शेताकडं गेल्या होत्या. शरू लोखंडी कॉटवर पाठमोरी बसून चमचे मांडत होती. संयोगितानं फोन खिडकीत डब्याला टेकवून ठेवला आणि मागून हाक मारली. शरू वळली नाही. परत मारली. शरूनं एक चमचा उचलून दुसरीकडं ठेवला. तिनं रेकॉर्डिंग बंद केलं, पुन्हा चालू केलं. असं किती वेळा झालं ते तिनं मोजलं नाही. शेवटी ती कॉटला अगदी खेटून उभी राहिली, गजावर हात टाकून वाकली आणि जोरात ओरडली, "शरू!" शरू वळली आणि आईला बघून खुदकन हसली.

संयोगिताला रडू फुटलं. तिनं तेवढाच व्हिडिओ ठेवला, बाकीचे पुसून टाकले. खोटं बोलायचं असं तिच्या मनात नव्हतं. आधी पोरीचं लक्ष नसेल, आता ऐकलं, असंच तिनं स्वतःला समजावलं. दुधाचा नमुना पुन्हा पुन्हा लावून त्यातला सोयीचा आकडा सांगितला असता तर गावानं तिला संस्थेतून हाकललं असतं. पण त्या दुपारी तिला मशीन आठवलं नाही.

त्या माणसानं व्हिडिओला बासरीचं संगीत लावलं, खाली तिचं नाव, गाव आणि फोन नंबर टाकला आणि तो नेटवर सोडून दिला. दोन-चार दिवसांत तो सगळीकडं फिरला. संस्थेच्या ओळीत बायका म्हणायला लागल्या, "वैनी, बघितला की तुमचा व्हिडिओ. अंगावर काटा आला." बाळाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. जोतीराम फारसं काही बोलला नाही, पण तो मुळात कमीच बोलायचा.

फोन यायला लागले. कुणी करवीरातून, कुणी कागलकडून, कुणी पार निपाणीहून. संयोगिता प्रत्येकाशी बोलायची. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय याचं तिला बरं वाटत होतं. त्यात एक फोन जोतिबाच्या डोंगरावरून आला. बाईचं नाव क्रांती. तिथं मंदिराच्या पायऱ्यांजवळ त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं. तिचा केदार शरूपेक्षा थोडा लहान.

"ताई, राजारामपुरीतल्या मॅडमनी कानाच्या टेस्टची तारीख दिलीया," क्रांती म्हणाली. "पोराला झोपवून करत्यात म्हणं. मला लई भ्या वाटायला लागलंय. करू का नको?"

संयोगिता म्हणाली, "एवढी काय घाई हाय? थांब की जरा. माझ्या पोरीचं बघितलंस न्हवं? आधी थेंब घालून बघ."

"तुमच्यावर विश्वास ठेवून थांबतो बघा," क्रांती म्हणाली.

पावसाळा गेला, दिवाळी झाली आणि कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा गल्लीतली पोरं दारात खेळत होती. भोंगा इतका जवळून वाजायचा की घरातली भांडी थरथरायची. सगळ्या पोरांनी एकदम कानांवर हात ठेवले आणि किंचाळत हसायला लागली. शरू आपली वाळूत बोटं घालून बसली होती. तिनं मान वर केली, पोरांकडं एकेक करून बघितलं आणि मग हसत हसत आपलेही हात कानांवर ठेवले.

संयोगिता उंबऱ्यात उभी राहून हे बघत होती. भोंगा थांबला, पोरांनी हात काढले. शरूनंही काढले, सगळ्यांच्या मागून.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध झाल्यावर ती जोतीरामला म्हणाली, "आज कामावर जाऊ नका. राजारामपुरीला जाऊया." त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. गाडी काढली.

क्रांती म्हणाली होती ते क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं, खाली औषधांचं दुकान आणि शेजारी कोचिंग क्लासची पोरं. कान तपासणाऱ्या आदिती मॅडम तिशीच्या, साध्या सुती ड्रेसमधल्या. त्यांनी आधी शरूच्या मागं उभं राहून, कुठंही न टेकता, तिला दिसणार नाही अशा बेतानं वेगवेगळे आवाज करून बघितले. मग तारीख देऊन पुन्हा बोलावलं. त्या दिवशी शरूला औषध देऊन झोपवलं, कपाळाला आणि कानांमागं बारीक वायरी चिकटवल्या आणि कानात आवाज सोडले. मेंदूपर्यंत आवाज पोचतोय का ते पडद्यावरच्या रेषांत दिसतं, असं त्यांनी सांगितलं. संयोगिता पडद्याकडं बघत बसली. रेषा सरळच जात होत्या.

"दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही," आदिती मॅडम म्हणाल्या. "जन्मापासूनच असावं."

"माझं काय चुकलं का मॅडम? पोटात असताना?"

"कारण प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही. सापडलं नाही म्हणजे आईचं चुकलं, असं अजिबात नसतं." मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस तुम्हाला काय वाटत होतं? ऐकू येतंय असं कशावरून वाटलं?"

संयोगितानं फोन काढला आणि व्हिडिओ दाखवला. मॅडमनी तो एकदा बघितला, मग आवाज बंद करून पुन्हा बघितला.

"तुमचा हात कॉटवर आहे," त्या म्हणाल्या. "कॉट हलली. तिला ते जाणवलं. ही मुलं डोळ्यांनी आणि अंगानं खूप ओळखतात, त्यामुळं घरच्यांची फसगत होते." मग त्यांनी विचारलं, "पहिल्याच वेळी वळली होती का?"

संयोगितानं फोन बंद करून पिशवीत टाकला. शेजारी जोतीराम बसला होता आणि त्याच्याकडं बघायची तिला हिंमत होत नव्हती. मॅडमनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्यांनी पुढचं सांगितलं. आधी कानामागची मशीनं लावून बघायची, त्यांनी भागलं नाही तर कानाच्या आत ऑपरेशन करून बसवायचं यंत्र असतं, त्यासाठी सरकारी योजना आहे. त्यानंतरही बोलणं शिकवावं लागतं, रोज आणि बरीच वर्षं. जितक्या लहानपणी सुरुवात, तितकं बरं. ही तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. "आणि एक सांगते," त्या म्हणाल्या, "जो माणूस मुलाला न बघता, वयसुद्धा न विचारता औषध देतो, त्याचं ऐकायचं नाही. नेटवर बघाच, पण लिहिणारा कोण आहे, कुठल्या दवाखान्यात बसतो, ते आधी बघा. आणि मग इथं येऊन मलाही विचारा."

खाली गाडीपाशी आल्यावर जोतीराम म्हणाला, "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"तिला ऐकू येत न्हाई ते. तुझा व्हिडिओ झाल्यावर म्या एकदा तिच्या मागं पत्र्यावर हातोडा मारून बघितला हुता. हलली न्हाई. तू एवढी खूश हुतीस, सांगायला तोंड उघडंना."

ती त्याच्यावर ओरडली असती. पण ओरडायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही असं तिला वाटलं.

त्या माणसाला तिनं फोन केला. व्हिडिओ काढून टाका म्हणाली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही कोर्स अर्धवट सोडलात, त्याला मी काय करू?" त्यानंतर त्याला फोन लागेनासा झाला. व्हिडिओ मात्र चालूच होता. खाली कमेंटमध्ये नवनव्या आया हात जोडत होत्या.

संस्थेत ती खाली मान घालून आकडे सांगायला लागली. कुणी "शरू आता बोलती का?" म्हणून विचारलं की ती किटली पुढं ओढायची. अनोळखी नंबर आला की फोन उलटा ठेवायची. पण क्रांतीचा नंबर तिच्याजवळ नावानं ठेवलेला होता. फोन करून सांगावं असं रोज मनात यायचं आणि ती रोज पुढं ढकलायची. तिकडं केदारचे दिवस जात होते, हेही तिला कळत होतं. शेवटी एका गुरुवारी ती जोतीरामला म्हणाली, "हे फोनवर सांगायचं न्हाई. डोंगरावर जाऊया."

क्रांतीनं तिला व्हिडिओवरून लगेच ओळखलं. दुकानातून उठून बाहेर आली, पाणी दिलं, शरूच्या हातात खोबऱ्याची वाटी ठेवली. "तुम्ही येशीला असं वाटलं न्हवतं ताई," ती म्हणाली. "आमचा बी फरक दाखवायला लागलाय. बघा आता." केदार पोत्यावर बसला होता. तिनं त्याच्या पाठीमागं वाकून जोरात टाळी वाजवली. गुलालाची पावडर उडाली आणि केदार वळला.

"क्रांती," संयोगिता म्हणाली, "ती हवा लागली त्याला. आवाज न्हवं."

क्रांती हसतच होती. तिला समजलं नव्हतं. मग संयोगितानं सगळं सांगितलं. टेस्ट, सरळ रेषा, कॉटवरचा हात. सगळ्यात शेवटी, खाली बघत, जे तिनं जोतीरामलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "लई वेळा काढला हुता व्हिडिओ. वळत न्हवती. वळलेला तेवढा ठेवला आणि बाकीचे पुसले."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं. क्रांतीनं त्याला नारळ दिला, कागदात गुलाल बांधून दिला. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "मला तारीख मिळाली हुती."

"व्हय."

"मी तुम्हाला विचारलं हुतं. करू का नको, असंच विचारलं हुतं की न्हाई?"

"विचारलं हुतंस."

"मग?"

संयोगितानं "चुकलं माझं" असं म्हटलं, पण त्या शब्दांनी काही भरून येणार नाही हे तिला ते उच्चारतानाच कळत होतं. "मी येतो तुझ्यासंगं, मॅडमकडं. आजच फोन लावूया," ती म्हणाली.

"नको," क्रांती म्हणाली. "आमचं आम्ही बघतो. तुम्ही जावा आता." तिचा आवाज चढला नाही. तिनं केदारला उचलून कडेवर घेतलं आणि ती आत गेली. जोतीरामनं गाडी वळवली. घाट उतरताना शरू मध्ये बसून खोबरं चघळत होती.

त्या आठवड्यात संयोगितानं दुसरा व्हिडिओ केला. या वेळी फोन जोतीरामनं धरला. ती कॅमेऱ्यात बघून एवढंच बोलली, की मी कसबा बावड्याची संयोगिता, तो आधीचा व्हिडिओ माझाच आहे, माझ्या मुलीला तेव्हाही ऐकू येत नव्हतं, मी पुन्हा पुन्हा शूटिंग करून एकदा वळली तेवढं ठेवलं. थेंब घालू नका, कानांची तपासणी करून घ्या, थांबू नका. बोलताना ती दोनदा अडखळली, पण पुन्हा काढायचा नाही असं तिनं आधीच ठरवलं होतं. तसाच टाकला.

बाळाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. "घरातलं चव्हाट्यावर नेलंस," म्हणाल्या. संस्थेत एक जण ओळीत मागून मोठ्यानं म्हणाला, "आता फॅटचा आकडा बी एकदाच लावून सांगतीय का परत परत?" लोक हसले. तिनं नमुना लावला आणि आलेला आकडा सांगितला. आवाज मात्र पहिल्यासारखा निघाला नाही.

नवा व्हिडिओ फार कुणी बघितला नाही. त्याला बासरी नव्हती आणि शेवटी कुणी हसत नव्हतं. जुना अजूनही फिरतो. तो बघून अजूनही फोन येतात आणि आता ती ते उचलते. समोरची बाई आशेनं बोलत असते, आणि संयोगिताला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. काही बाया ऐकून घेतात, पत्ता विचारतात. काही रागावतात. एकीनं तिला विचारलं होतं, "तुम्हाला लाज वाटत न्हाई का?" ती म्हणाली, "वाटती की. म्हणूनच सांगतेय."

शरूला आधी कानामागची मशीनं लागली. तिनं ती एकदा म्हशीच्या हौदात टाकली, एकदा आजीच्या बटव्यात लपवली. पहिले काही दिवस संयोगिता बाहेर पडताना तिचे केस कानांवरून सोडायची. मग आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं दोन वेण्या घालून वर बांधायला सुरुवात केली. मशीनांनी फारसं भागलं नाही. पुढं ऑपरेशन होऊन आत यंत्र बसलं; त्याचा बाहेरचा भाग मात्र कानामागंच लावायचा असतो. आता शरू "आई", "म्हस" आणि "नको" म्हणते. "नको" सगळ्यात स्पष्ट. तिच्या वयाची पोरं कुठल्या कुठं गेलीत. आधी आणलं असतं तर किती पुढं असती, हे संयोगितानं आदिती मॅडमना एकदा विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "ते आता मोजत बसू नका. रोजचा अभ्यास घ्या." तरी तिच्या मनात ते मोजणं चालूच असतं.

क्रांतीही केदारला घेऊन मॅडमकडंच येते. त्याला थोडंफार ऐकू येतं, मशीनवर भागतंय. बरेच महिने क्रांती बाहेरच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची. संयोगितानंही कधी जवळ जायचा प्रयत्न केला नाही. पोरं मात्र मधल्या जागेत एकमेकांची मशीनं ओढत खेळायची.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस क्रांती अचानक म्हणाली, "घामानं मशीन बंद पडतंय केदारचं. शरूचं काय करता तुम्ही?"

संयोगिता दचकली. "झोपताना काढून हवाबंद डबीत ठेवतो. आत ओल शोषून घेणाऱ्या पुड्या असत्यात, मॅडमकडंच मिळत्यात. बाहेरनं मऊ फडक्यानं पुसायचं, पाणी लावायचं न्हाई."

"मॅडमनीच सांगितलं का हे?"

"व्हय. तरी तू बी विचार त्यांना."

"विचारतोच की," क्रांती म्हणाली. आतून केदारचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, त्याचा हात धरला आणि आत गेली.